यादवरावांच्या हॉलमधला घुमारा

यादवराव ताजनपुऱ्यांना रंगनाथ किती ओळखत होता, असं कुणी नेमकं विचारलं तर त्याला खाली मान घालावी लागेल. नाशिकरोडच्या त्या सोसायटीत दोघांची दारं शेजारीशेजारी होती आणि दोघांच्या हॉलमध्ये भिंत एकच होती. तरी यादवराव कोणत्या शाळेत शिकले, तरुणपणी कसे दिसत, त्यांना कशाची भीती वाटायची, यातलं रंगनाथला काहीच माहीत नाही. माहीत आहे ते एवढंच, की एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाइनवर त्यांची सगळी नोकरी झाली, त्या धडधडाटात त्यांचे कान गेले आणि निवृत्तीनंतरही हा माणूस एका जागी बसत नसे. खुर्चीत टेकले की लगेच उठायचे, बाल्कनीत जायचे, परत यायचे, पंख्याचं बटण उगाच एक घर कमी करायचे आणि पुन्हा वाढवायचे.

ओळख वाढली नाही याला एक साधं कारण होतं. रंगनाथचा जन्म पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात गेला. त्या कामात तोंड उघडावं लागत नाही. त्याचा आवाज मुळातच बारीक, आणि मोठ्यानं बोलायचं म्हटलं की त्याला चारचौघांत सदरा काढल्यासारखं वाटायचं. यादवरावांना तर मोठ्यानं बोलल्याशिवाय कळत नसे. मग जिन्यात भेटले की एकानं हात वर करायचा, दुसऱ्यानंही करायचा, आणि दोघांनी आपापल्या कुलपाकडे वळायचं. अशी बरीच वर्षं गेली.

दारणेच्या काठावर यादवरावांचा दहावा झाला तेव्हा लोक त्यांच्याबद्दल भरभरून बोलत होते. रंगनाथ मागे उभा होता. त्याच्याजवळ सांगण्यासारखा फक्त एक हॉल होता. यादवरावांचा हॉल. त्या हॉलपायी त्यांनी जो आटापिटा केला, तो मात्र रंगनाथनं अगदी जवळून पाहिला होता.

हॉल कुठल्याही नव्या फ्लॅटचा असतो तसाच. खाली आरशासारख्या टाइल्स, वर पीओपी, समोर बाल्कनीच्या सरकत्या काचा, आणि बाकीच्या भिंती मोकळ्या. यादवरावांच्या पत्नी चंद्रभागावहिनींना भिंतीचा फार अभिमान. आयुष्य क्वार्टरमध्ये गेलं, तिथे ओल यायची, पोपडे निघायचे. स्वतःच्या घराची भिंत कशी सरळ, गुळगुळीत. तिला खिळा मारायचा नाही, असा त्यांचा हुकूम होता. कॅलेंडरसुद्धा फ्रिजला लटकवलेलं.

त्यांची मुलगी निकिता अंबडला एका औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत काम करायची. तिच्या लग्नाची पहिली बैठक याच हॉलमध्ये झाली. पाहुणे नांदगावचे. शेजारी म्हणून रंगनाथलाही बोलावलं होतं. खरं तर त्याच्याकडच्या प्लास्टिकच्या खुर्च्या हव्या होत्या, आणि खुर्च्यांबरोबर तोही आला. तो चपलांजवळच्या खुर्चीत बसला. यादवरावांच्या दोन्ही कानांत मशीन होतं. शेजारी त्यांचा धाकटा भाऊ कोंडाजी, शेतावरून थेट आलेला, पांढरी टोपी नीट करत.

पाहुणे बोलायला लागले आणि हॉल भरून गेला. शब्दांनी नव्हे, नुसत्या आवाजानं. एकाचं वाक्य संपायच्या आत ते समोरच्या भिंतीवरून परत यायचं आणि दुसऱ्याच्या वाक्यात मिसळायचं. कपबश्या वाजल्या की काचा वाजल्यासारख्या वाटायच्या. रंगनाथचे कान चांगले होते, तरी त्यालाही अर्धंच कळत होतं. यादवराव मात्र हसऱ्या चेहऱ्यानं बोलणाऱ्याकडे बघत होते आणि मान डोलवत होते.

ही मान डोलवण्याची सवय टर्बाइनवरची. तिथे समोरचा माणूस हात करून, ओठ हलवून काहीतरी सांगतो. आपण मान हलवली की त्याला कळतं, ह्याचं लक्ष आहे माझ्याकडे. तिथे मान हलवणं म्हणजे होकार नव्हे, नुसती पोच. पण बैठकीत मुलीच्या बापानं मान हलवली की तो शब्द झाला. नांदगावच्या मुलाचा काका कोपऱ्यात देव्हाऱ्याजवळ बसून सांगत होता, की लग्नानंतर मुलीनं नोकरी सोडावी आणि नांदगावच्या दुकानात गल्ल्यावर बसावं, घरची लक्ष्मी घरीच बरी. यादवराव त्याच्याकडे बघत होते. त्यांनी मान डोलवली.

"दादांनी मान डोलवली," कोंडाजी मांडीवर थाप मारत म्हणाला. "झालं! आता आणखी काय पायजे? पेढे काढा."

पाहुणे गेले. रंगनाथ खुर्च्या एकात एक घालत होता. न्याव्यात की थांबावं ते त्याला कळेना, कारण निकिता स्वयंपाकघरातून बाहेर आली होती आणि तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

"बाबा, ते म्हणाले नोकरी सोडायची. तुम्ही मान हलवलीत."

"मला वाटलं, गाडी कुठं लावली ते सांगतोय तो."

"मग विचारायचं ना, काय म्हणालात म्हणून!"

"किती वेळा विचारू? दोनदा विचारलं की लोक हसतात, तिसऱ्यांदा विचारलं की कोंडाजीशी बोलायला लागतात."

"म्हणून मला देऊन टाकलंत?"

यादवराव बाल्कनीपर्यंत जाऊन परत आले. त्यांना ते ऐकू आलं होतं, एवढं रंगनाथला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यानं खुर्च्या उचलल्या आणि तो निघाला. जाताना दारात वरची खुर्ची अडकून मोठा आवाज झाला, त्याचं त्याला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी निकितानं स्वतःच नांदगावला फोन करून नकार कळवला. बापाशी ती लागेल तेवढंच बोलायला लागली. दूध आणलं, गॅस संपला, मी निघाले. आणि यादवरावांचं फिरणं वाढलं. भिंतीपलीकडून रंगनाथला त्यांची पावलं ऐकू यायची, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग एका सकाळी टाळ्या ऐकू यायला लागल्या. एक टाळी, मग शांतता, मग चार पावलं, पुन्हा टाळी. रंगनाथला वाटलं, डॉक्टरांनी काही व्यायाम सांगितला असेल. पण तिसऱ्या दिवशीही टाळ्या थांबल्या नाहीत तेव्हा तो वहिनींची एक वाटी परत करायचं निमित्त करून गेला.

यादवराव हॉलच्या मधोमध उभे होते. सोफा एका बाजूला सरकवलेला.

"या, रंगनाथराव. बरं झालं आलात. तुमचे कान चांगले आहेत. ऐका." त्यांनी टाळी वाजवली. "शेपूट ऐकलं?"

रंगनाथनं ऐकलं होतं. टाळी संपल्यावर मागे एक बारीक झिणझिणती रेघ राहत होती.

"टाळीला शेपूट आहे. शब्दालाही असणार," यादवराव म्हणाले. "काल मी गच्चीवर होतो. निकिता टाकीपाशी फोनवर बोलत होती, लांब. मला सगळं ऐकू आलं. सगळं! आणि घरात ती पुढ्यात बसून बोलली तरी काला होतो. मशीनवाल्याला विचारलं. तो म्हणतो, काका, मशीन सगळंच मोठं करतं, भिंतीवरून परत आलेलं पण मोठं करतं. म्हणजे दोष कानाचा आहेच, पण अर्धा दोष ह्या हॉलचा आहे." ते बाल्कनीपर्यंत जाऊन परत आले. "कान काय आता बदलायचे नाहीत. हॉल बदलता येईल."

"हॉल बदलायला निघालेत," वहिनी आतून म्हणाल्या. "वेडाची लक्षणं ही. रंगनाथभाऊ, तुम्ही तरी सांगा."

रंगनाथ काय सांगणार? तो म्हणाला, "वाटी," आणि वाटी टेबलावर ठेवली.

पण त्या घरात तेव्हा नुसता हॉलचा प्रश्न नव्हता, हे त्याला कळत होतं. निकितासाठी दुसरं स्थळ येणारच होतं. पुन्हा याच हॉलमध्ये बैठक बसणार होती. त्या वेळी आपल्याला प्रत्येक शब्द ऐकू आला पाहिजे आणि उत्तर आपण दिलं पाहिजे, कोंडाजीनं नव्हे, एवढंच यादवरावांच्या डोक्यात होतं. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. टाळ्याच वाजवत राहिले.

पहिला प्रयोग अंड्यांच्या ट्रेंचा. कुणीतरी सांगितलं की स्टुडिओत तेच लावतात. यादवराव बिटकोच्या चौकातल्या अंडावाल्याकडून रिकाम्या ट्रेंची चळत घेऊन आले आणि दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीनं एक भिंत भरून टाकली. चंद्रभागावहिनी देवळातून आल्या आणि दारातच थांबल्या.

"ज्या घरात कधी अंडं फुटलं नाही, त्या घराच्या भिंतीला ट्रे?"

"रिकामे आहेत."

"वास येतोय."

"वास कसा येईल? कागद आहे."

"कोंबड्या तेवढ्या आणायच्या राहिल्यात. आणा, बाल्कनीत सोडू."

टाळीचं शेपूट थोडं आखूड झालं, पण माणसाचं बोलणं होतं तसंच घुमत राहिलं. वहिनींनी आठवडाभरात ट्रे ओरबाडून काढले. त्याबरोबर दोन ठिकाणचा रंगही निघाला. त्या दिवशी यादवराव खालच्या पार्किंगमध्येच फेऱ्या मारत राहिले, घरात जेवायलाही लवकर गेले नाहीत.

निकिता हे सगळं बघत होती आणि बघत नसल्यासारखं दाखवत होती. एका रविवारी रंगनाथ तिथे बसला असताना ती फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "अंड्याचे ट्रे काही कामाचे नसतात. कागद पातळ असतो. रॉकवूल लागतं, चांगलं जाड, लाकडी चौकटीत भरून. आणि कोपऱ्यांमध्ये बेस ट्रॅप लावावे लागतात. जाडे, भारी आवाज कोपऱ्यात जाऊन बसतात, ते साध्या पॅनेलनं जात नाहीत."

"काय लावावं लागतं?" यादवरावांनी विचारलं.

"ट्रॅप."

"ट्रॅप म्हणजे सापळा ना गं?" वहिनी म्हणाल्या. "उंदरं झाली का काय घरात?"

निकिताला हसू आलं. ते तिनं दाबलं, पण फोन बापापुढे धरला. नांदगावची माणसं येऊन गेल्यापासून ती स्वतःहून त्यांच्याजवळ गेली ती तेव्हाच पहिल्यांदा. यादवरावांनी फोटो पाहिला, चष्मा वर सरकवून पुन्हा पाहिला आणि मोठ्यानं म्हणाले, "ही तर आपली लॅगिंगची वूल!"

एकलहऱ्याला वाफेच्या पाइपांभोवती हीच दगडाची लोकर गुंडाळत, उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून. त्यांनी ती आयुष्यभर हाताळली होती, तिच्यापायी रात्र रात्र अंग खाजवलं होतं. ती आवाजही पोटात घेते, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "तीस वर्षं मी आवाजाच्या औषधाला टेकून उभा होतो," ते म्हणाले आणि उठून चालायलाच लागले.

पार्किंगमध्ये काम सुरू झालं. सातपूरहून लोकरीच्या लाद्या आल्या, लाकडाच्या पट्ट्या आल्या. रंगनाथनं हॉलचा नकाशा काढून दिला. भिंती, दार, खिडकी, सोफा कुठे, पाहुणे कुठे बसतील, सगळं शाईनं. यादवरावांनी तो नकाशा बराच वेळ हातात धरला. "अक्षर सुंदर आहे हो तुमचं," एवढंच म्हणाले. रंगनाथला त्यावर काहीतरी बोलायचं होतं. तोवर ते करवत घेऊन वाकले होते. तोंडाला रुमाल, हातात मोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. तरी दोघांचीही अंगं खाजली. लिफ्टमध्ये दोन म्हातारे मान आणि मनगटं खाजवत उभे राहिलेले पाहून लोक पुढच्या फेरीला यायचे.

पहिली चूक कापडाची झाली. यादवरावांना पुसता येईल असं काहीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी सोफ्याचं उरलेलं रेक्झिन चौकटींवर ताणून बसवलं. दिसायला झकास. भिंतीला टेकवून टाळी वाजवली तर शेपूट होतं तिथेच. यादवरावांचा चेहरा उतरला. त्यांनी पुन्हा वाजवली, पुन्हा, इतकी की वहिनी म्हणाल्या, "तळहात लाल झाले, पुरे आता."

"फुंकर मारून बघा," निकिता म्हणाली. "कापडातून फुंकर पलीकडे गेली तरच आवाज आत जाणार. रेक्झिनवरून तो परतच येतो."

मग यादवराव रंगनाथला घेऊन मेनरोडला गेले. एका दुकानात ताग्यांमागून तागे उलगडून घेतले आणि प्रत्येक कापड तोंडाशी धरून फुंकलं. दुकानदार पाहत राहिला. शेवटी म्हणाला, "काका, गार आहे ते. फुंकायला चहा आहे का?" रंगनाथला लाजेनं जमिनीत जावंसं वाटलं. यादवरावांनी शांतपणे पुढचा तागा मागितला. आत अस्तराला मलमल आणि वरून सैल विणीची खादी, असं ठरलं.

चौकटी लावायच्या तर भिंतीला खिळे. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच म्हणाल्या, "जिथं ट्रेनं रंग निघालाय तिथं मारा. तिथं आता काय राहिलंय?" मग एकदा ड्रिल सुरू झालं आणि इतर जागाही आल्या. पाहुण्यांच्या समोरच्या आणि पाठीमागच्या भिंतीवर चौकटी लागल्या. तीन कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत लोकरीचे तिकोनी खांब उभे राहिले. त्यांना घरात सगळे सापळेच म्हणायला लागले.

चौथा कोपरा ईशान्येचा. तिथे देव्हारा.

कोंडाजी भाजी घेऊन आला होता. त्याचा आवाज भरदार. यादवरावांनी त्याला एकेका कोपऱ्यात उभं करून बोलायला लावलं.

"काय बोलू, दादा?"

"काहीही बोल. कांद्याचं बोल."

"कांद्याचं काय बोलायचं, सरकारला विचारा." कोंडाजी सापळ्याजवळ उभा राहून म्हणाला. ते स्वच्छ ऐकू आलं. देव्हाऱ्यापाशी जाऊन त्यानं तेच म्हटलं तर घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं झालं.

"बघा," यादवराव म्हणाले.

"काय बघायचं?" वहिनी पुढे झाल्या. "ईशान्येचा कोपरा मोकळा असावा लागतो. सगळे सापळे केलेत, मी बोलले नाही. देवाला सापळ्यात बसवायचं नाही."

यादवराव भांडले नाहीत. त्यांना भांडताच यायचं नाही. ते चालायला लागायचे. देव्हाऱ्यापासून दारापर्यंत, दारापासून देव्हाऱ्यापर्यंत. येवल्याचं स्थळ तोवर आलं होतं, पाहुणे यायचा वारही ठरला होता. जसजसा वार जवळ आला तसं त्यांना जेवताना ताटावर बसवेना. एका सकाळी वहिनी फुलं वाहत होत्या तेव्हा ते मागे उभे राहून म्हणाले, "नांदगावचा तो काका इथंच बसला होता. तुझ्या देवाजवळ. त्याचं एक अक्षर मला कळलं नाही."

वहिनींनी फुलं वाहिली, निरांजन ओवाळलं. पूजा संपली तरी त्या उठल्या नाहीत.

"खालचा चौरंग काढा," अखेर त्या म्हणाल्या. "त्या जागी तुमची वूल भरून चौथरा करा. वर देव बसतील. कापड मी देईन ते लावायचं."

"आणि वर छतापर्यंत?"

"वर काही नाही. देवाच्या डोक्यावर ओझं नको."

म्हणजे सापळा निम्माच झाला. त्यावर वहिनींनी आपली जुनी सुती साडी ताणून बसवायला दिली, फुंकर मारून बघितलेली. कोंडाजीनं पाहिलं आणि हात जोडले. "वा! देवाला बी गादी झाली. आता ते प्रसन्न तरी होतील, नाहीतर झोपतील तरी."

त्या संध्याकाळी रंगनाथ तिथेच होता. हॉलमध्ये एक वेगळीच शांतता आली होती, कापडाच्या दुकानात असते तशी. बोलताना आपलाच आवाज जवळ आल्यासारखा वाटत होता. निकिता स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरी उभी राहून डबा आवळत होती. ती न वळता, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुमच्या शर्टाचं तिसरं बटण तुटलंय."

यादवरावांनी खाली पाहिलं. बटण तुटलं होतं. ते बोटानं चाचपत राहिले. निकिता वळली होती, बघत होती. मग यादवराव उठले आणि उगाच पंख्याचं बटण एक घर कमी केलं.

येवल्याचे पाहुणे आले. मुलगा रविराज, पैठणीची नक्षी संगणकावर काढणारा, त्याचे वडील, आणि काका पुंजा, ज्यांचा आवाज पोटातून निघून छताला लागेल असा. खादीच्या चौकटी पाहून पुंजाकाका म्हणाले, "चित्रं लावायची राह्यली वाटतं?"

"नाही, असंच असतं ते," कोंडाजीनं सांगितलं. मग तो भावाच्या कानाशी आला. "दादा, तुम्ही निवांत बसा. बोलायचं मी बघतो."

"तू बस," यादवराव म्हणाले. "बोलणं माझं आहे."

यादवराव नेहमीसारखे उठबस करत नव्हते. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ सरळ, आणि मान एका जागी, जणू पट्टा बांधलाय. पाहुण्यांनी प्रवासाचं सांगितलं, मान हलली नाही. पावसाचं सांगितलं, हलली नाही. पेढा पुढे आला तरी त्यांनी मान न हलवता नुसता हात केला. शेवटी पुंजाकाका रंगनाथकडे कलले आणि त्यांना जमेल तितक्या हळू म्हणाले, "पाव्हण्यांची मान धरली का काय?"

रंगनाथ काही बोलायच्या आत समोरून यादवराव म्हणाले, "धरली नाही. ऐकतोय."

हॉल हसला. पुंजाकाकाही हसले, पण मग जरा सावरून बसले, आणि बोलण्याला कामाचं वळण आलं. ते मुलाच्या वडिलांकडे बघत, जाता जाता सांगावं तसं म्हणाले, "आता नोकरीचं काय, एकदा घरात आली म्हंजे बघू पुढं."

"हां, बघू की," कोंडाजी म्हणाला.

"थांब, कोंडाजी," यादवराव म्हणाले. "पुढं म्हणजे कधी? आणि बघणार कोण?"

एरवी अशा वेळी त्या हॉलमध्ये काहीतरी वाजत राहायचं, पंखा, कप, कुणाचा घसा. आता एवढं शांत झालं की रंगनाथला खुर्चीत हलायचीही चोरी झाली.

"मला विचारू नका," यादवराव पुढे म्हणाले. "मागच्या वेळी मला विचारलं आणि मी चुकलो. निकिता, ये, इथं बस. यांचा प्रश्न तुला आहे."

निकिता आली आणि मोकळ्या खुर्चीत बसली. हातातला ट्रे कुठे ठेवावा ते न सुचून तो मांडीवरच धरला. "मला नोकरी सोडायची नाही," ती म्हणाली. "येवल्याहून रोज जाता येणार नाही. नाशिकला राहावं लागेल. हे आधी सांगितलेलं बरं."

"मी नाशिकहून काम करू शकतो," रविराज खाली बघत म्हणाला.

"तुला कुणी विचारलं का?" पुंजाकाका गरजले. पण गरजणं त्या हॉलमध्ये जिथल्या तिथे राहिलं. पुढचं वाक्य त्यांनी हळूच म्हटलं. "घरी बोलतो. कळवतो."

कळवतो म्हणजे नकार, असं कोंडाजी पाहुण्यांची गाडी वळायच्या आतच सांगून मोकळा झाला. पण त्या दिवसापासून फोन वाजला की यादवराव सगळ्यांत आधी उठायचे आणि पोहोचेपर्यंत दुसऱ्यानं उचललेला असायचा. एका दुपारी त्यांनी रंगनाथला विचारलं, "चुकलं का हो माझं? मोडलं तर?"

"नाही चुकलं," रंगनाथ म्हणाला. नेहमीच्या बारीक आवाजात. यादवरावांनी ते ऐकलं.

निकिता चहा घेऊन आली आणि गेली नाही. सोफ्याच्या हातावर टेकली. "बाबा, पुढच्या वेळी एवढी ताठ मान धरून बसू नका. दुखेल."

"दुखतेच आहे," यादवराव म्हणाले. मग निकितानं उठून मलमाची ट्यूब आणली आणि त्यांच्या मानेला चोळायला घेतलं. रंगनाथनं चहा लवकर संपवला आणि तो निघाला.

येवल्याचा होकार आला तो काकांकडून नव्हे, रविराजकडून, आणि निकिताला. लग्न झालं; ती दोघं आता नाशिकच्याच उपनगर नावाच्या वस्तीत राहतात. यादवरावांनी ते लग्न पाहिलं नाही. होकार आल्यावर काही आठवड्यांतच ते गेले, घरीच, सकाळी चहाच्या वेळी. चौकटी अजून भिंतींवर आहेत. वहिनींनी त्या काढू दिल्या नाहीत.

ते गेले त्याच्या आदल्या दिवशी दोघं जिन्यात भेटले होते. यादवराव पेपर घेऊन वर येत होते, रंगनाथ दळण घेऊन खाली निघाला होता. एरवी हात वर करून झालं असतं. पण यादवराव थांबले.

"रंगनाथराव, उद्या घरी आहात का?"

"आहे की."

"तुमच्या हॉलचं माप घ्यावं म्हणतो. टेप आहे का? आमची कोंडाजीनं नेली."

"टेप नाही. लाकडी पट्टी आहे."

"चालेल. दहाच्या सुमाराला येतो. गिरणीत गर्दी असेल हो आत्ता."

"असू दे. बसतो तिथंच."